जुन्या पिनबॉल मशिनी: खेळू द्याव्यात की काचेत ठेवाव्यात?

प्रश्न लातूर भागातल्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. त्यांच्या थोरल्या भावाने मुंबईत असताना चार जुन्या अमेरिकी पिनबॉल मशिनी (काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी चेंडू उडवून गुण मिळवायचा खेळ) जमवल्या होत्या. दोन साठ-सत्तरच्या दशकांतल्या, रिले (विजेने उघड-मिट होणारे स्विच) आणि फिरत्या आकड्यांच्या. दोन ऐंशीच्या आसपासच्या, इलेक्ट्रॉनिक. गावातल्या जुन्या घरात लोकांना प्रत्यक्ष खेळता येईल असं छोटं संग्रहालय करावं असं सरांच्या मनात आहे. घरचे म्हणतात, लोक खेळले तर वर्षात मशिनी खलास होतील, काचेत ठेवा. शिवाय आपल्याकडच्या लाइटवर त्या चालतील का आणि मराठवाड्यात त्या दुरुस्त कोण करणार, हेही सरांनी विचारलं आहे. वाळूजच्या कारखान्यांत रिले-कॉन्टॅक्टरची पॅनेलं सांभाळण्यात आणि पुढे खेळांच्या मशिनी दुरुस्त करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर, खेळू द्या. बंद ठेवलेली पिनबॉल मशीन जपली जात नाही, ती आतून मरत जाते. रिलेच्या चांदीच्या टोकांवर काळा थर चढतो. आकडे पुढे सरकवणाऱ्या स्टेपरमधलं जुनं ग्रीस घट्ट होऊन बसतं. रबर वाळून तडकतं, कॉइलमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला, लोखंडी दांडा जागीच गंजतो. दोन पावसाळे न चालवलेली विहिरीवरची मोटार जशी जाम होते, तसंच हे. चालत्या मशिनीत मात्र स्विचची पाती मिटताना एकमेकांवर किंचित घासतात आणि आपली टोकं आपणच साफ ठेवतात. बनवणाऱ्यांनी ती तशीच बेतलेली आहेत.

एका माणसाच्या नादातून संग्रहालय उभं राहणं मराठवाड्याला नवं नाही. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे यांचं आणि पैठणचं बाळासाहेब पाटील यांचं, दोन्ही अशीच उभी राहिली. तिथली सातवाहनकालीन मातीची आणि हस्तिदंताची शिल्पं काचेतच हवीत, कारण ती नुसती पाहूनही कळतात. पिनबॉल मशिनीचं तसं नाही. चेंडू सुटल्याशिवाय, घंटा वाजल्याशिवाय, पेटी जास्त हलवल्यावर टिल्ट होऊन दिवे गेल्याशिवाय पाहणाऱ्याला तिच्यातलं काहीच कळत नाही.

पण एक अट आहे. प्रत्येक मशिनीच्या भागांचे मनाशी दोन ढीग करा. एका ढिगात झिजण्यासाठीच बनवलेले भाग: रबरी रिंगा, कॉइलच्या आतली नायलॉनची नळी, स्प्रिंगा, बल्ब, फ्लिपरचे (चेंडू परत वर मारणाऱ्या पात्यांचे) सांधे, चेंडू. हे आजही बनतात आणि बाहेरून मागवता येतात. निम्म्यांना तर आपल्याकडेच पर्याय सापडतो. दुसऱ्या ढिगात मागची रंगवलेली काच, प्लेफील्डवरचं, म्हणजे चेंडू फिरतो त्या फळीवरचं, चित्रकाम, त्यावरचे छापील प्लॅस्टिकचे तुकडे आणि पेटीवरचा मूळ रंग. हे गेलं की गेलं. काही गाजलेल्या मॉडेलांच्या नव्या प्रती मिळतात, पण त्या प्रतीच. पहिल्या ढिगावर सढळ हाताने खर्च करा, म्हणजे दुसऱ्याला धक्का लागणार नाही. मी पुढे जे सांगतोय ते सगळं यासाठीच.

प्लेफील्ड खराब होतं ते बहुतेक वेळा चेंडूमुळे. चेंडू पोलादी असतो, व्यास १ पूर्णांक १/१६ इंच म्हणजे जवळजवळ २७ मिलिमीटर, वजन सुमारे ८० ग्रॅम. त्याला बारीक खड्डे पडले की तो प्रत्येक फेरीत रंग खरवडतो. म्हणून चेंडूत स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसेनासा झाला की तो टाकून द्या, काटकसर करू नका. बेअरिंगच्या मोठ्या दुकानात या मापाचा चेंडू मागितला तर मिळतो. मात्र तिथला बहुधा क्रोम स्टीलचा असतो आणि तो लवकर चुंबकीय होतो. तुमच्या रिलेच्या मशिनींना तो चालेल. इलेक्ट्रॉनिक मशिनींपैकी एखादीत चुंबक बसवलेला असेल, तर तिच्यासाठी कार्बन स्टीलचा मागवा.

दुसरा भाग धुळीचा. आपल्या काळ्या रानाची धूळ बारीक असते, आणि कॉइलमधून झिजून येणारी धातूची काळी पूड तिच्यात मिसळली की प्लेफील्डवर राखाडी थर बसतो. आधी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने कोरडं साफ करा. पाणी लावू नका. प्लायवूडवरचा जुना लॅकर चिरलेला असतो, पाणी आत शिरलं की रंगाचे पापुद्रे सुटतात. कोपऱ्यात तपासून मग नॅफ्था (पेट्रोलसारखं पेटणारं द्रावण, म्हणून प्लग काढूनच) किंवा प्लॅस्टिकचं बारीक पॉलिश वापरा आणि शेवटी शुद्ध कार्नुबा मेणाचा पातळ हात द्या. हे मेण गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं, फक्त त्यात घासणारी पावडर नाही ना, एवढं पाहून घ्या. रोज गर्दी असेल तर प्लेफील्डवर घालायचे पारदर्शक पत्रेही मिळतात. चेंडूचा वेग थोडा बदलतो, जाणकार खेळाडू कुरकुर करतील. तुमच्याकडे पहिल्यांदाच खेळणारी पोरं जास्त येणार आहेत, तेव्हा मी पत्रा घालीन.

मागच्या काचेची काळजी वेगळी. तिच्यावरचा रंग आतल्या बाजूने असतो आणि बल्बच्या उष्णतेने सुटतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे बाहेरच चाळिशीच्या वर पारा असतो, त्यात पेटीतल्या बल्बची भर. जुन्या मशिनीत ४४ नंबरचे ६.३ व्होल्टचे बल्ब असतात, ते २५० मिलिअँपिअर खातात. त्यांच्या जागी ४७ नंबरचे घाला. ते १५० वर चालतात, उजेड किंचित कमी, उष्णता बरीच कमी. एलईडी आणखी थंड, पण सुट्ट्या स्वस्त एलईडी एसी पुरवठ्यावर लुकलुकतात आणि जुन्या चित्राचा पिवळसर उबदार रंग मारून टाकतात. मागच्या पेटीत जिथे रंग आधीच सुटतोय तिथे चांगले एलईडी घाला, बाकी ठिकाणी बल्बच राहू द्या. आणि काचेची रंगाची बाजू कोणालाही, अगदी कोरड्या कापडानेसुद्धा, पुसू देऊ नका.

आता दुरुस्तीचं. तुम्हाला ही सगळ्यांत मोठी अडचण वाटते, पण मराठवाडा इथे अमेरिकेच्या पुढे आहे. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावाला मोटार भरून देणारा असतो. बोअरची मोटार जळाली की शेतकरी ती त्याच्याकडे टाकतो आणि दोन दिवसांत भरून नेतो. पिनबॉलच्या कॉइलमध्ये तांब्याची तार गुंडाळण्यापलीकडे वेगळं काही नाही. मोटारीच्या मानाने ते सोपं काम आहे. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या कॉइलवर तिची सगळी कुंडली छापलेली असते. विल्यम्स या अमेरिकी कंपनीच्या कॉइलवर ‘जी-२३-७५०’ लिहिलेलं असेल तर २३ गेजची (गेज म्हणजे जाडीचा नंबर) तार, ७५० वेढे. फ्लिपरच्या कॉइलवर ‘एफएल-२१-३७५/२८-४००’ असेल तर ती दोन वाइंडिंगची: फटका मारायला २१ गेजचे ३७५ वेढे, फ्लिपर वर धरून ठेवायला २८ गेजचे ४०० वेढे.

इथे एक गोष्ट कारागिराला नक्की सांगा, नाहीतर चांगल्या हाताने भरलेली कॉइलसुद्धा चुकीची निघेल. अमेरिकी गेज आणि आपल्याकडे चालणारं एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचं, गेज वेगवेगळे आहेत. अमेरिकी २३ म्हणजे ०.५७ मिलिमीटर, आपला कारागीर २३ ऐकून ०.६१ ची तार घालील. तार जाड झाली, वेढे तेवढेच राहिले की रेझिस्टन्स कमी होतो, करंट वाढतो आणि फ्यूज उडत राहतो. अमेरिकी २३ ला आपली २४ नंबरची तार (०.५६) जवळची, आणि अमेरिकी २१ ला (०.७२) आपली २२ नंबरची (०.७१). सगळ्यांत चांगलं म्हणजे नंबर सांगूच नका, मिलिमीटरमध्ये माप द्या आणि वेढे मोजून घालायला सांगा.

फ्लिपरची कॉइल जळण्याचं कारण नव्वद टक्के वेळा कॉइलमध्ये नसतंच, असा माझा अनुभव आहे. फ्लिपर पूर्ण वर गेला की त्याच्या हालचालीच्या शेवटाला लावलेला छोटा स्विच उघडतो आणि करंट जोराच्या वाइंडिंगवरून धरून ठेवण्याच्या वाइंडिंगकडे वळवतो. तो स्विच उघडला नाही आणि पोराने बटण दाबून धरलं, तर कॉइल बघता बघता तापते, वास येतो आणि नळी वितळते. नवी कॉइल बसवण्याआधी तो स्विच जुळवा. त्याची टोकं टंगस्टनची असतात, त्यांना बारीक कानस चालते. बाकी रिलेच्या चांदीच्या टोकांना कानस लावू नका. जाड व्हिजिटिंग कार्ड दोन टोकांत धरून ओढलं की पुरे. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा स्प्रे मशिनीत मारू नका. त्यावर धूळ चिकटते, आणि स्विचच्या ठिणगीजवळ पेटणारं द्रव्य नकोच. कॉइलच्या दांड्याला तेलही नको, तो कोरडाच चालतो.

लाइटचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकी मशीन ११५-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. आपली लाइट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरतं, हर्ट्झ उतरत नाही किंवा चढत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. हिशेब सोपा आहे: १२० ला ६० ने भागून ५० ने गुणलं की १०० व्होल्ट येतात. तेवढ्यावर त्याचं लोखंड पूर्वीइतकंच सुखात राहतं. पण १०० व्होल्ट दिले की फ्लिपर ढिले पडतात. यावर उपाय बऱ्याच रिलेच्या मशिनींत आधीच दिलेला आहे: ट्रान्सफॉर्मरवर कॉइलसाठी जास्त व्होल्टेजचा एक टॅप (जोडणीचं वेगळं टोक) असतो, तार तिथे हलवायची. मी स्वतः १०५ ते ११० च्या दरम्यान ठेवून हा टॅप वापरणं पसंत करतो. गुण मोजण्याचा क्रम चालवणारी स्कोअर मोटर ५० हर्ट्झवर सहापैकी पाच हिस्से वेगाने फिरेल. घंटा जरा रेंगाळत वाजतील, बिघाड काही होणार नाही. इलेक्ट्रॉनिक मशिनींपैकी पुष्कळांच्या ट्रान्सफॉर्मरवर परदेशी व्होल्टेजसाठी जोडण्या बदलायची सोय असते. पेटीतला तक्ता वाचल्याशिवाय बाहेरचा ट्रान्सफॉर्मर विकत घेऊ नका.

घ्यायचाच झाला तर दुहेरी वाइंडिंगचा घ्या, ऑटो ट्रान्सफॉर्मर नको. ऑटोमध्ये मशीन थेट मेन लाइनशी जोडलेली राहते आणि पाहुण्यांचे हात लोखंडी पट्ट्यांवर असतात. दर मशिनीला ५०० व्हीएचा पुरेसा होतो. त्याच्या आधी सर्व्हो स्टॅबिलायझर हवाच, कारण गावात रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज कुठल्या कुठे चढतं. २३० चे २७० झाले तर उतरवलेले ११५ सुद्धा १३५ होतात. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर लावणार असाल तर साइन वेव्हचाच. चौकोनी लहरीवर हे ट्रान्सफॉर्मर गुरगुरतात आणि तापतात.

जुन्या मशिनींना दोनच पिनांची वायर असते, अर्थिंग नसतं. हे काम उद्घाटनानंतर करू असं म्हणू नका. तीन पिनांची वायर घाला आणि समोरची पट्टी, बाजूच्या पट्ट्या, नाण्यांचा दरवाजा, पाय, ट्रान्सफॉर्मरचं बूड असं जिथे जिथे लोखंड आहे तिथे अर्थची तार न्या. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवा. मशिनीतल्या फ्यूजला तार बांधायची नाही, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आपल्याकडे तो हात सगळ्यांचाच सवयीने जातो.

तुमचं घर माळवदाचं आहे असं लिहिलंय. उन्हाळ्यात गार राहतं, ही फार जमेची गोष्ट. पण माळवदाची माती झडते, म्हणून मशिनींच्या वर छत ताणून घ्या आणि रात्री जाड सुती चादरी घाला. प्लॅस्टिकचा कागद नको, पावसाळ्यात आत दमट होतं. जुन्या मशिनींच्या तारांवर कापडाचं आवरण असेल तर उंदरांचा बंदोबस्त पहिला. जमीन सारवलेली असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, नाहीतर उतार बदलत राहतो. रिलेच्या मशिनीला साधारण साडेतीन अंशांचा उतार, इलेक्ट्रॉनिकला साडेसहा. रिलेची मशीन साडेसहावर ठेवली तर तिच्या फ्लिपरांना चेंडू वरपर्यंत नेणं जड जातं आणि खेळणारा कंटाळतो.

टिल्ट चालू ठेवा. पेटीत ओळंब्यासारखं एक वजन कड्यात लोंबकळतं. पेटी जोरात हलवली की ते कड्याला लागतं आणि खेळ बंद पडतो. काही जण पाहुणे नाराज होतील म्हणून ते काढून ठेवतात. मग पोरं मशीन पायांवरून उचलायला लागतात. थोडं हलवणं हा खेळाचाच भाग आहे, म्हणून ओळंबा फार कडकही लावू नका.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिकीट दारावर एकदाच, आत खेळ मोकळा. कॅलिफोर्नियातल्या अलामेडाचं पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आणि बुडापेस्टचं संग्रहालय असंच चालतं. लास वेगासचं पिनबॉल हॉल ऑफ फेम मशिनीगणिक नाणं घेतं, पण तिथे मशिनी ढिगाने आहेत आणि नाणी त्यांच्याच देशाची. आपण अमेरिकी नाण्यांची यंत्रणा आपल्या नाण्यांना जुळवत बसणं म्हणजे रोजची कटकट. रिलेच्या मशिनीत क्रेडिट, म्हणजे शिल्लक डाव, मोजणाऱ्या चाकाचा शून्यावरचा स्विच कायम मिटलेला ठेवला की खेळ फुकट सुरू होतो.

याला दुसरंही कारण आहे. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉल जुगार ठरवून बंद केला आणि मशिनी हातोड्याने फोडल्या. तेव्हा मशिनींना फ्लिपर नव्हतेच. ते गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशिनीत १९४७ साली आले. चेंडू कुठे जाणार हे खिळ्यांच्या हाती, म्हणून नशिबाचा खेळ हा आरोप चिकटला. ती बंदी १९७६ साली उठली. त्या वेळी पिनबॉलचे जाणकार खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या लोकांसमोर मशीन खेळून दाखवली आणि प्लंजर (चेंडू सोडायचा स्प्रिंगचा दांडा) ओढण्याआधीच चेंडू वरच्या मधल्या वाटेने जाईल असं सांगितलं. तो तसाच गेला. फुकटचा डावसुद्धा बक्षीस धरला जाई, म्हणून गॉटलीबने १९६० साली डावाऐवजी जादा चेंडू देणारी मशीन काढली. आपल्याकडे १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आहे आणि त्याच्या १३ व्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. तरी पोलीस ठाण्याला खेळयंत्र म्हटलं की व्हिडिओ पार्लरच आठवतं. म्हणून बक्षीस नको, कूपन नको, पैज नको. सुरू करण्याआधी ठाण्यात आणि नगरपालिकेत किंवा पंचायतीत जाऊन मशीन काय आहे ते दाखवा, परवाने वकिलाकडून समजून घ्या. आणि ही हकिगत मराठीत पाटीवर लावा. लोक ती थांबून वाचतील.

चारही मशिनी एकाच वेळी चालू ठेवायचा हट्ट धरू नका. तीन बाहेर, एक कामाच्या टेबलावर, आणि ते टेबल पाहुण्यांना दिसेल असं मांडा. अलामेडात एक मशीन सगळी पारदर्शक करून ठेवलेली आहे, म्हणजे आतली हालचाल दिसते. तुम्हाला तेवढा खर्च नको. रिलेच्या मशिनीचा मागचा फळीचा दरवाजा काढून तिथे ॲक्रिलिकचा पत्रा लावा, काम झालं. जवळच्या आयटीआयच्या वायरमन, इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना बोलवा. रिलेचं लॉजिक पुस्तकातल्या आकृतीवरून कळायला वेळ लागतो. इथे चेंडू बंपरला (त्याला उसळवणाऱ्या गोल खुंट्याला) लागला की कोणती रिले ओढली, मोटर किती फिरली, आकडा कसा पुढे गेला, हे डोळ्यांसमोर घडतं. त्यांतलाच एखादा मुलगा पुढे तुमच्या मशिनी सांभाळेल. त्याला पगार द्या, हौसेवर काम सोपवू नका. प्रत्येक मशिनीची एक वही ठेवा, काय बदललं ते तारखेसह लिहा आणि काढलेला मूळ भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा.

एवढ्यात पाचवी मशीन विकत घेऊ नका. आलेला पैसा रबर, नळ्या, चेंडू आणि त्या मुलाच्या पगारात जाऊ द्या.

आणि या मशिनी अजून प्लगला लावल्या नसतील तर लावू नका. आधी वायर काढलेली असताना पेट्या उघडा, सुटलेल्या तारा आणि उंदरांची घरटी पाहा. प्रत्येक फ्यूज काढून त्यावरचा आकडा पेटीतल्या चिठ्ठीशी ताडा. इलेक्ट्रॉनिक मशिनींच्या बोर्डावरचे सेल आजच काढा. ते पाझरले की खालचं तांबं खाऊन टाकतात. पाझरलेले दिसले तर बोर्ड सफेद व्हिनेगर आणि पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच पुढे जा. नंतर मल्टिमीटरने सगळ्या कॉइल तपासा. फ्लिपरची सोडून दुसरी कोणतीही कॉइल दोन ओहमच्या खाली दाखवत असेल तर बाजूला काढा. रिलेची मशीन पहिल्यांदा १०० वॉटच्या सिरीज दिव्यावर (लाइट दिव्यातून जाऊन मग मशिनीत येईल अशी) लावा. दिवा पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. इलेक्ट्रॉनिक मशिनीत पॉवर सप्लायचे कनेक्टर सुटे ठेवून आधी व्होल्टेज मोजा. पाच व्होल्टच्या जागी आकडा ४.९ ते ५.२ च्या बाहेर गेला तर मुख्य बोर्ड जोडू नका, पॉवर सप्लायचे जुने कॅपॅसिटर बदलून पुन्हा मोजा.